भेकराची साद आणि सात जंगलांची सभा

सात जंगलांच्या सीमा जिथे एकमेकींना टेकतात, तिथे एक मोठं तळं आहे. त्या सातांतल्या सर्वांत दाट जंगलात एक भेकरीण आपल्या एकुलत्या एका लेकासह राहत असे. मुलांनो, भेकर म्हणजे हरणाचाच लहानखुरा भाऊबंद. अंगाने शेळीएवढं, पाय काटकुळे, शिंगं असून नसल्यासारखी. पण गळा असा की विचारू नका! गवतात वाघाची चाहूल लागली की भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागतं, आणि ती साद ऐकून डोंगरापलीकडचा ससासुद्धा बिळात शिरतो. या सादेच्या भरवशावर सगळं जंगल निर्धास्त चरत असे. त्याबद्दल भेकराला कोणी काही देत नसे आणि भेकरही काही मागत नसे.

जंगलाचा राजा होता वाघ. तरणा होता तोवर त्याला या भुंकण्याचं काही वाटत नसे. एक शिकार हुकली तर दुसरी साधायची, त्यात काय मोठंसं! पण वय झालं, चार उड्यांत दम लागू लागला, आणि मग राजांचं होतं तेच झालं. आपली भूक ही प्रजेची चूक आहे असं त्याला वाटू लागलं. कारभारी कोल्हा याच संधीची वाट पाहत होता. तो लवून म्हणाला, "महाराज, जंगलात फार गलका माजलाय. प्रजेला शांतता हवी आहे. आजपासून पाणवठ्यावर कोणी ओरडायचं नाही, असा हुकूम काढावा." वाघाने शेपटी हलवली. हुकूम निघाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक सांबरीण आपल्या पाडसाला घेऊन पाण्यावर आली. भेकरीण आणि तिचा लेक पलीकडच्या काठावर उभे होते. करवंदीच्या जाळीमागे पिवळं काहीतरी हललं. भेकरिणीने ते पाहिलं. तिच्या गळ्याशी साद आली, पण तिला हुकूम आठवला, लेक आठवला, आणि तिने ती साद गिळून टाकली. लेकाने मात्र मान वर केली आणि पोट खपाटीला जाईस्तोवर तो भुंकला. सांबरीण पाडसासह एका झेपेत रानात नाहीशी झाली. वाघ जाळीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशांना नुसता चिखल लागला होता.

त्याच दुपारी राजाचा शिपाई तरस आला आणि लेकाला घेऊन गेला. कोल्ह्याने वाघाला आधीच समजावलं होतं, "याला खाऊ नका महाराज. खाल्लंत तर सगळे म्हणतील, भुकेपोटी खाल्लं. कोंडलंत तर म्हणतील, कायद्यापोटी कोंडलं." बळी तो कान पिळी हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कान पिळताना न्यायाचं नाव घ्यायला कोल्हाच लागतो.

भेकरीण कोल्ह्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "कारभारी, माझा लेक कुठे आहे तेवढं सांगा. मी त्याला सोडा म्हणत नाही. नुसतं कुठे आहे ते सांगा." कोल्हा म्हणाला, "चौकशी चालू आहे, भेकरीणबाई." ती पुन्हा गेली तेव्हा तो म्हणाला, "कोणता लेक?" आणि ती आणखी एकदा गेली तेव्हा त्याने अंग झटकत सांगितलं, "अहो, तो पलीकडच्या जंगलात गेला, आपल्या पायांनी. तरणी पोरं ही. आईला सांगून थोडीच जातात?"

भेकरीण परत फिरली. आपला लेक न सांगता जाणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण एखादी गोष्ट आपल्यालाच तेवढी ठाऊक असली आणि बाकी सगळे मान खाली घालून चरत असले, की आपल्यालाच आपला भरवसा वाटेनासा होतो. ती प्रत्येक कपारीशी जाऊन हुंगायची. हाक मारायला जायची आणि हुकमाच्या भीतीने थांबायची. तिची कूस रात्रंदिवस दुखत असे. मेला म्हणावं तर माती दिसत नाही, जिवंत म्हणावं तर आवाज येत नाही. यासारखं दुसरं दुःख नाही, मुलांनो.

एके दिवशी सांबरीण तिच्याजवळ आली. तिला खूप काही बोलायचं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "ताई, तळ्यावर सात जंगलांची सभा भरते. तिथे जाऊन बघ. मला विचारशील तर सगळा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे. पण दुसरं दार तरी कुठे आहे आपल्याला?"

ही सभा कशी सुरू झाली ते सांगायला हवं. फार पूर्वी एकदा सातही जंगलांत वणवा पेटला होता. जो तो जीव घेऊन तळ्याकडे पळाला. पाण्यात गळ्यापर्यंत बुडून हरणं उभी, ससे उभे, आणि त्यांच्याच शेजारी वाघ-लांडगेही उभे. त्या आगीत वाघ-लांडग्यांनी काय करावं? पळून आलेल्या, थरथरणाऱ्या जनावरांना त्यांनी तिथेच, पाण्यातच मारलं. सकाळी आग विझली. तळ्याचं पाणी पाहून मारणाऱ्यांनाही ते पिववेना. तेव्हा सगळ्यांनी काठच्या ओल्या चिखलात आपापलं पाऊल उमटवून शब्द दिला: आश्रयाला आलेल्याला मारायचं नाही, कारण सांगितल्याशिवाय कोणाला कोंडायचं नाही, आणि कोणत्याही आईपासून तिचं पिल्लू लपवायचं नाही. चिखल वाळला, पावलं राहिली. आजच्या वाघाच्या आजोबांचं पाऊलही त्यात आहे, सशाच्या पावलाला अगदी खेटून.

भेकरीण वाट तुडवत तळ्यावर पोहोचली. सभेत एक म्हातारी हत्तीण बसली होती, तिच्या मागे तिचा अख्खा कळप. भेकरिणीची नजर त्यांच्या पायांवरून हलेना. तिला वाटलं, 'यांतला एक जरी माझ्याबरोबर आला तरी पुरे. लेक कुठल्याही कपारीत असो, कपार राहायची नाही.' आणि त्या विचारानेच तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

तिने सगळं सांगितलं. हत्तिणीने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "बाई, तू तुझ्या जंगलात दाद मागितलीस का? आधी घरी मागायची, मग इथे यायचं, अशी रीत आहे."

"मागितली आजी. कोल्ह्याकडे."

"आणि लेकाला कोंडायचा सल्ला कोणाचा होता?"

"कोल्ह्याचाच."

सभेत खसखस पिकली. हत्तीण हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे कुंपणच शेत खातंय. बरं, पुढे बोल."

तेवढ्यात पाण्यातून मगरीने डोकं वर काढलं. तीही एका जंगलातर्फे सभेला येत असे. "माझी हरकत आहे," ती म्हणाली. "हा वाघाचा घरचा मामला आहे. दुसऱ्याच्या जंगलात आपण नाक खुपसू नये. आज त्याच्या कपारी उघडाल, उद्या माझ्या डोहाचा तळ दाखव म्हणाल." मगरीच्या डोहाच्या तळाशी काय होतं कोण जाणे, पण त्या बोलण्यानंतर बऱ्याच जणांना आपापल्या जंगलातलं काहीबाही आठवलं आणि ते गप्प झाले. सभेचं हे असंच चाले. बोलायला सगळे, आणि बोलून झाल्यावर आपल्या अंगणाकडे बघायलाही सगळे. उन्हं कलेपर्यंत वाद चालला. शेवटी एवढंच ठरलं की धनेश पक्ष्याने त्या जंगलात जावं, पाहावं, ऐकावं आणि परत येऊन सांगावं. मग सभा निकाल देईल.

"आणि हत्ती?" भेकरिणीने विचारलं. "हत्ती कधी येणार?"

तेव्हा म्हातारी हत्तीण उठली आणि तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोरी, हत्ती येत नाहीत. तसं ठरलंय."

"का पण? तुम्हाला एका सोंडेचं काम!"

"एका सोंडेचं काम आहे खरं. पण आज मी तुझ्यासाठी तुझ्या जंगलात शिरले, तर उद्या दुसरा कोणी असाच कुणाचं तरी भलं करायचं म्हणून शिरेल आणि सगळं रान तुडवून जाईल. असं झालेलं मी पाहिलंय. आणि खरं सांगू? कधी कधी आम्ही नुसत्या भीतीनेही जात नाही आणि नाव मात्र रीतीचं सांगतो. दोन्ही आहे." तिने सोंडेने भेकरिणीच्या पाठीवरची धूळ झटकली. "मला तुझ्यासमोर लाज वाटते आहे. पण माझ्याकडे शब्द आहे तेवढाच आहे."

भेकरीण रडली. चक्क तोंड वर करून रडली. एवढी पायपीट केली ती एका पाखरासाठी, असं तिला वाटलं. तुम्हा-आम्हालाही तसंच वाटलं असतं.

धनेश मात्र बोलल्याप्रमाणे आला. धनेश हा काही गुपचूप येणारा पक्षी नव्हे. त्याच्या पंखांचा घरघराट अर्ध्या जंगलाला ऐकू जातो. मोठी पिवळी चोच, लांब पापण्या, आणि स्वभावाने असा काटेकोर की भेकरीण पहिल्याच दिवशी मेटाकुटीला आली. लेक किती उंच? कोणत्या कानावर खूण? त्याला नेलं तेव्हा कोण कोण पाहत होतं? वाघ जाळीच्या कोणत्या बाजूला होता? तेच ते पुन्हा पुन्हा विचारी.

"तुम्ही वाघाची चौकशी करायला आलात की माझी?" ती कातावून म्हणाली.

"बाई, रागावू नका," धनेश म्हणाला. "मी एक गोष्ट चुकीची बोललो तर कोल्हा बाकीच्या साऱ्या खोट्या ठरवील. माझ्याकडे नखं नाहीत, दात नाहीत. माझं बोलणं खरं असणं एवढंच माझ्याकडे आहे."

मग त्याने जरा घुटमळत विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हालाही वाघ दिसला होता का?"

भेकरिणीने मान खाली घातली. "दिसला होता," ती म्हणाली.

कोल्ह्याने पाहुण्याचं स्वागत दणक्यात केलं. उंबराची पिकली फळं समोर ठेवली, गोड गोड बोलला आणि त्याला एक गुहा दाखवली. गुहा झाडून-पुसून स्वच्छ होती, आत ताजं गवत अंथरलेलं. "ही पाहा आमची कोठडी," कोल्हा म्हणाला. "रिकामी! आमच्याकडे कोणालाच कोंडत नाहीत. लोक उगाच कंड्या पिकवतात."

"बाकीच्या कपारी पाहू का?" धनेशाने विचारलं.

"छे छे, करारात तसं नाही. आम्ही दाखवू तेवढंच पाहायचं." आणि कोल्ह्याचं म्हणणं खरं होतं. करार तसाच होता. धनेशाला पाठवताना सभेने वाघाशी तो केला, तेव्हा मगरीने हट्टाने तसा करून घेतला होता.

"मग मला निदान जंगलभर फिरून सभेचा निरोप सांगू दे. तेवढं करारात आहे."

कोल्ह्याने मनात म्हटलं, 'सांग बापडा. हवेत बोलून कोणाचं काय जातंय!' आणि त्याने आनंदाने मान डोलावली.

इथे कोल्हा चुकला. त्याला धनेशाच्या घरची रीत ठाऊक नव्हती. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच राहते आणि नर बाहेरून तिला फळं भरवत असतो. हा धनेश असा कितीतरी उन्हाळे ढोलीबाहेर वावरला होता. भेकरीण त्याच्याबरोबर चालत होती. तिला तो म्हणाला, "आत असलेल्याला पोटाची भूक असतेच. पण त्याहून मोठी भूक असते ती बाहेर कोणी आहे ना, एवढं कळण्याची. मी ढोलीपाशी गेलो की आधी बोलतो, मग फळ देतो."

आणि खरोखरच तो तसाच प्रत्येक खडकापाशी, प्रत्येक कपारीपाशी जाऊन बसला, चोच दगडाजवळ नेली आणि हवेत नव्हे तर दगडाला सांगावं तसं बोलला, "ज्याच्या डाव्या कानावर फाटल्याची खूण आहे, त्या भेकराची आई त्याला शोधते आहे. सात जंगलांच्या सभेत त्याच्याबद्दल विचारलं गेलं आहे. आम्ही विचारत राहू."

बऱ्याच खडकांनी काही उत्तर दिलं नाही. कोल्हा मागून जांभया देत येत होता. ओढ्याच्या वळणावर एक मोठी शिळा कपारीला टेकवलेली होती आणि तिच्यापाशी तरस झोपेचं सोंग घेऊन पडला होता. धनेश त्या शिळेवर बसला. तेच शब्द बोलला. आणि शिळेच्या आतून, आधी घसा खाकरल्यासारखा, मग तुटक, मग भरघोस असा एक आवाज आला. भेकर भुंकत होतं.

सगळं जंगल जागच्या जागी थांबलं. चरणाऱ्यांनी माना वर केल्या. सांबरिणीचं पाडस सवयीने पळालं, कारण ही साद आली की पळायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. भेकरीण मात्र तिथेच बसली. जिवंत होता! तिचा लेक जिवंत होता, आणि आता हे तिच्या एकटीलाच ठाऊक होतं असं नव्हतं.

कोल्हा घाईघाईने म्हणाला, "वारा आहे. या कपारीत वारा फार घुमतो."

"वाऱ्याला मी ओळखतो, कारभारी," धनेश म्हणाला. "माझं आयुष्य वाऱ्यात गेलंय. मी ऐकलं, आणि मी जे ऐकलं ते सभेत सांगेन."

पण एवढं बोलून तो उडायला निघाला तेव्हा भेकरीण उठली. "कुठे चाललात? शिळा काढा ना! तो इथे आहे, तुम्हाला कळलं आहे, आता काढा ना!"

धनेश वळला. "बाई, ही शिळा माझ्या चोचीने हलत नाही. हलली असती तर मी करार पाहिला नसता." मग तो खाली उतरला, तिच्याजवळ आला. "पण आता ते त्याला गुपचूप मारू शकणार नाहीत. एवढं झालंय. हे थोडं आहे, मला कळतं." आणि तो गेला. भेकरीण त्याच्या दिशेने बघतसुद्धा राहिली नाही. ती शिळेला अंग टेकून बसली.

तिकडे वाघ कोल्ह्यावर गुरगुरत होता. "खाऊन टाकतो त्याला! ती सभा माझं काय वाकडं करणार आहे?"

"वाकडं काही करणार नाही, महाराज," कोल्हा म्हणाला. "पण उन्हाळ्यात आपले झरे आटतात आणि आपल्याला पाण्याला तळ्यावर जावं लागतं. तिथे सगळ्यांसमोर तोंड दाखवायचं आहे. भेकर कुठे गेलं म्हणून विचारलं तर? 'वारा होता' हे एकदाच चालतं."

इकडे शिळेपाशी दुसऱ्या दिवशी सांबरीण आली आणि भेकरिणीच्या शेजारी बसून रवंथ करू लागली. तरसाने दात विचकले. "ए, उठा इथून!"

"का बरं?" सांबरीण म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती बोलली. "पाणवठ्यावर ओरडू नये असा हुकूम आहे. ओढ्यावर रवंथ करू नये असा आहे का?" तरसाला तसा हुकूम काही आठवेना.

मग सांबरं आली, नीलगाई आल्या, ससे त्यांच्या पायांआड येऊन बसले. कोणी घोषणा दिल्या नाहीत. पण त्या सगळ्यांच्या मनात एक गोष्ट होती. आजवर प्रत्येकाला वाटत होतं, हा अन्याय आहे असं मला एकट्यालाच वाटतंय. आता दूरच्या जंगलांतून आलेला, ज्याचं इथे काही अडलेलं नाही असा एक पाहुणा भर दिवसा तेच विचारून गेला होता. वाघ एकदा लांबून येऊन पाहून गेला. एवढी शिंगं एका जागी पाहून त्याने भूक नसल्यासारखी जांभई दिली.

रानडुकरं आली ती मात्र बसली नाहीत. त्यांनी शिळेच्या बुडाशी मुसंडी मारली आणि माती उकरायला लागली. "कंद शोधतोय," त्यांतलं एक तरसाला म्हणालं. तरसाने थोडा वेळ पाहिलं आणि मग तोंड दुसरीकडे फिरवलं. तो आपल्याशीच पुटपुटला, "पहाऱ्यावर कोण होतं असं सभेत विचारलं तर नाव माझंच निघणार. राजाचं कोण घेतंय!" बुडाची माती सुटली, सांबराने शिंगं लावून रेटा दिला, आणि शिळा एका कुशीवर कलंडली.

लेक बाहेर आला. उजेडाने त्याचे डोळे मिटले होते. बरगड्या मोजता आल्या असत्या. अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. भेकरीण त्याला चाटत सुटली, कान, मान, पाठ, पुन्हा कान. भोवतीच्या सगळ्यांनी माना फिरवल्या, कारण काही गोष्टी बघायच्या नसतात. तेवढ्यात कोल्हा धावत आला आणि टेकाडावरून ओरडला, "ऐका हो ऐका! महाराजांनी दया करून भेकराला सोडलं आहे!" सांबरिणीने नुसतं नाक फुरफुरवलं.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण कपारीतून बाहेर आलेला लगेच पूर्ण बाहेर येत नाही. लेकाला झोप लागत नसे. पान पडलं तरी तो ताडकन उभा राही. आणि तो भुंकत नसे. एका दुपारी त्याने आईला विचारलं, "आई, मी तेव्हा ओरडलो ते चुकलं का माझं?"

"नाही रे राजा. तू अगदी बरोबर केलंस."

"तू आई आहेस. तू असंच म्हणणार." मग तो म्हणाला, "आणि वाघ तुलाही दिसला होता. तू ओरडली नाहीस."

भेकरिणीने आपली मान त्याच्या मानेवर टेकवली. तिला त्याला सगळं काही देता आलं असतं, पण तो बरोबर होता हे त्याला पटवून देणं तिच्या हातात नव्हतं. ते पटवणारा कोणी परका, तिऱ्हाईत हवा होता, ज्याला मायेने खोटं बोलायची गरज नाही.

पाऊस सरला, गवत पिवळं पडलं, आणि एके सकाळी पंखांचा तो घरघराट ऐकू आला. धनेश निकाल घेऊन आला होता. फांदीवर बसून त्याने खाली पाहिलं तर ज्याला सोडायचा निकाल होता तोच समोर उभा. बिचारा इतका ओशाळला की त्याला चोच कुठे लपवावी कळेना.

"आलं! वरातीमागून घोडं आलं!" सांबरीण म्हणाली, आणि ससे फिदीफिदी हसले.

"हसू नका," भेकरीण म्हणाली. "एवढ्या लांबून आले आहेत. भाऊ, आणलंय ते सांगा. पहिल्यापासून सांगा."

धनेशाने पंख आवरले आणि प्रत्येक शब्द निराळा ठेवत सांगितलं, "सात जंगलांच्या सभेने सगळ्यांचं ऐकून ठरवलं आहे की वाघ दिसला असता ओरडणं हा गुन्हा नाही. ओरडणाऱ्याला कोंडणं हा अन्याय होता. त्याच्या आईपासून त्याचा ठावठिकाणा लपवणं हा त्याहून मोठा अन्याय होता. म्हणून त्या भेकराला सोडून द्यावं."

लेक दोन पावलं पुढे आला. "हे सगळ्यांनी मिळून म्हटलं?"

"मगर सोडून सगळ्यांनी. हत्तिणीने स्वतः म्हटलं."

"ते सगळे मला ओळखत नाहीत ना?"

"कोणीच ओळखत नाही," धनेश म्हणाला.

"मग पुन्हा म्हणा," लेक म्हणाला.

धनेशाने पुन्हा म्हटलं. लेकाने आणखी एकदा म्हणायला लावलं, आणि धनेशाने, तो काटेकोर होता म्हणून एकही शब्द न गाळता, ते आणखी एकदा म्हटलं. मग लेक आईजवळ आला, तिच्या कुशीला पाठ लावून बसला, आणि त्याची मान हळूहळू खाली आली. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, त्याला झोप लागली. धनेशाला परत जायचं होतं, पण उडालं की पंखांचा आवाज होईल म्हणून तो ऊन डोक्यावर येईपर्यंत तसाच फांदीवर बसून राहिला.

तात्पर्य : दूरच्या सभेचा शब्द दारावरची शिळा हलवत नाही, ती जवळच्यांनाच एकमेकांच्या शेजारी बसून हलवावी लागते. पण 'तुझं चुकलं नव्हतं' हे तिऱ्हाइताने सांगितल्यावाचून कोंडलेला पुरता सुटत नाही, म्हणून तो शब्द उशिरा आला तरी मागायचं सोडू नये.